नावेतली फळी

मुरगूडची वेदगंगा म्हटली की लोकांना तीन गोष्टी आठवतात: ऊस, महापूर आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा कुरणीचा बंधारा. नाव कुणाला आठवत नाही. आमच्या नदीत लाकडी नाव आहे असे मी स्टाफरूममध्ये सांगितले, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "वेदगंगेत? कुठं राधानगरीला जाऊन आलात काय?"

पूल झाले नव्हते तेव्हा या भागातले पैलतीरीचे सगळे व्यवहार पाण्यावरून चालायचे. मोठ्या गावांना नाव असायची. नाव नसेल तिथे भोपळ्यांची नाहीतर घागरींची सांगड. आणि पूर आला की गुऱ्हाळातली काहील. गुळाचा रस आटवायची ती लोखंडी कढई एवढी मोठी असते की चार-पाच माणसे तिच्यात बसतात. काठावरून दोर धरायचा आणि ती गोल गोल फिरत पलीकडे जायची. आमच्या पिढीने हे शेवटचे पाहिले. आता पुरात रबरी बोटी येतात, फायबरच्या येतात. लाकडी नाव उरली ती मासे धरणाऱ्या एखाद्या भोई घराकडे.

तशी एक तात्यांकडे आहे. सोळा-सतरा फुटांची, सपाट बुडाची, डांबराच्या थरांनी काळी झालेली. बंधाऱ्याला बरगे घातले की मागे पाणी तुंबते आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्या संथ पाण्यात जाळे टाकायला ती बरी पडायची. मरळ, वांब, कटला, रोहू आणि अलीकडे सगळीकडे माजलेली चिलापी. 2005 च्या पुरात तिने दुधाचे कॅन आणि बाळंतिणी वाहून नेल्या. त्याच पुरात तिची मधली बसायची फळी मोडली. नवी फळी माझ्या अब्बांनी बसवली.

आमचे घर लोखंडाचे. अब्बा बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे, नांगराचे फाळ शेवटून द्यायचे, विळे-खुरपी करायचे. ट्रॅक्टर आले तशा बैलगाड्या कमी झाल्या. मी बीएड करून उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो आणि अब्बांच्या माघारी भट्टी विझली ती विझलीच. हत्यारे मात्र अम्मीने एका पत्र्याच्या पेटीत तेल लावून ठेवली आहेत.

तात्या गेली काही वर्षे नाव पाण्यात घालत नव्हते. गुडघे गेले. नाव काठावर दगडांवर ठेवलेली, वर करंजाचे झाड. पावसाचे पाणी आत साचायचे, पाला कुजायचा. मेच्या सुट्टीत त्यांचा नातू घरी आला आणि म्हणाला, "सर, आजोबांनी बोलावलंय. नाव दुरुस्त करायची म्हणत्यात."

मी गेलो तेव्हा तात्या नावेच्या कडेला टेकून उभे होते. त्यांनी काठीने आत दाखवले. मधल्या फळीखालचा वाक, म्हणजे नावेची बरगडी, डाव्या बाजूला पूर्ण कुजला होता. बोट लावले की भुसा. तो बदलायचा तर आधी वरची फळी काढायला हवी होती आणि फळी हलत नव्हती. सुतार एक दिवस खपून निघून गेला होता.

"तुझ्या बानं बसीवलंय ते," तात्या म्हणाले. "काढायचं आसंल तर तूच काढ."

नातवाचे म्हणणे वेगळे होते. त्याच्याकडे मित्राचा ग्राइंडर होता. "दोन मिनिटांत कापतो." शिवाय एक गोष्ट त्याने मला बाजूला घेऊन सांगितली. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ही नाव हवी होती. बागेत ठेवणार, तिच्यात फुलझाडे लावणार, लोक फोटो काढणार. पैसेही बरे देत होता. तात्यांनी हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. पोराची नोकरी हंगामी, घरात बहिणीचे लग्न. त्याला चूक म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हते.

इथे एक सांगायला हवे. तात्यांच्या घरी मी बऱ्याच दिवसांनी पाऊल टाकत होतो. लहानपणी ईदचा शीरखुर्मा तिकडे जायचा आणि बेंदराला तिकडून पुरणपोळी यायची. जून 2023 मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली. मुरगुडात आमच्या गल्लीत कुणी कुणाला काही बोलले नाही. भांडण नाही, वाद नाही. फक्त जाणे-येणे कमी झाले. आपण कशाला जायचे, असे आम्हाला वाटले असेल. त्यांनाही तसेच काही वाटले असेल. त्यावर दोन पावसाळे गेले.

तर फळी. नावेत बसायची फळी ही नुसती बसायची नसते, हे मला तात्यांनी त्या दिवशी शिकवले. नावेच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या वाकवून बसवलेल्या असतात. लाकूड कितीही जुने झाले तरी सरळ होण्याची ओढ त्यात थोडी शिल्लक असते. बाजू बाहेर पडू पाहतात आणि बाहेरचे पाणी त्यांना आत दाबत असते. मधली फळी दोन्हीकडून त्यांना धरून ठेवते. माणूस तिच्यावर बसतो ही पुढची गोष्ट. म्हणून फळी काढायच्या आधी नाव बांधावी लागते. आम्ही काथ्याचा दोर नावेच्या पोटाखालून दोन ठिकाणी फिरवला, त्यात दांडके घालून पीळ दिला. आतून दोन बांबू मापाने कापून आडवे ठोकले. एका सुतळीला गाठ मारून नावेची रुंदी मोजून ठेवली. तेवढ्यात पहिला दिवस गेला.

फळी बाभळीची, दीड इंच जाड. दोन्ही टोकांना लोखंडी अँगल, प्रत्येक अँगलमधून दोन बोल्ट उभे फळीतून गेलेले. म्हणजे एकूण चार. नटांना पाना लागत नव्हता, कारण षटकोनाचे कोपरेच उरले नव्हते. गंजाची पापुद्रे सुटलेली ढेकळे होती ती.

लोखंड गंजले की ते झिजते असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. झिजलेल्या लोखंडाचा जो गंज होतो तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. मोकळ्यावर तो गळून पडतो. लाकडाच्या भोकात, नटाच्या आट्यांत त्याला जायला जागा नसते. मग तो फुगून सगळे आवळून धरतो. बारा मिलिमीटरच्या भोकात दहा मिलिमीटरचा बोल्ट सैल बसवला असेल, तरी वीस वर्षांनी तो पाचर मारल्यासारखा घट्ट होतो. कुणी तो घट्ट केलेला नसतो.

उर्दूत गंजाला ज़ंग म्हणतात. 'ज'खालचा नुक्ता काढला की जंग, म्हणजे लढाई. नुक्त्याने काय फरक पडतो असे मुले विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देतो. आणि पेच हा शब्द पाहा. फारसीतून दोन्हीकडे आला. उर्दूत त्याचा एक अर्थ स्क्रू, म्हणून स्क्रू फिरवायचा तो पेचकस. मराठीत पेच पडतो तो माणसाला. त्या चार बोल्टांपुढे दोन्ही अर्थ एकदम कळले.

आधी रॉकेल आणि डिझेल मिसळून आट्यांवर सोडले. दिवसातून तीनदा, तीन दिवस. मधूनमधून बोल्टाच्या माथ्यावर हलके ठोके. जोराचे नाही. हलक्या ठोक्याने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल आत शिरते. जोराच्या ठोक्याने बोल्टाचे तोंड पसरते, मग तो भोकातून बाहेरच येत नाही. तीन दिवसांनी छन्नीने नटाला नवे कोपरे पाडले, मोठा पाना लावला. काही नाही.

रात्री जेवताना मी हे सगळे अम्मीला सांगितले. ती भाकरी मोडत म्हणाली, "तुमारे अब्बा पैले कसते थे, बाद में खोलते थे. और मोम लगाते थे."

मी बघतच राहिलो. अम्मीने पुढे जे सांगितले ते मी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. अडकलेला नट थेट उलटा फिरवायचा नाही. आधी किंचित आवळायचा, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग उलटा. मग पुन्हा थोडा आवळायचा. पुढे-मागे, पुढे-मागे. तरी ऐकला नाही तर सळई लाल करून नटावर टेकवायची आणि तापलेल्या नटाला मेण लावायचे. ते वितळून आट्यांत ओढले जाते. "भाता कौन खींचता था? मैं," अम्मी म्हणाली. तीस वर्षे तिने भाता ओढला आणि तिला काय येते हे आम्ही कुणी तिला कधी विचारले नव्हते.

तापवण्याचे तत्त्व धावेचेच. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव चाकापेक्षा लहान करतात. शेणींच्या जाळात लाल केली की तिचा घेर इंचभर वाढतो. मग ती सांडशीने उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी. वाफेच्या लोटात धाव आक्रसते आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसतात. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिले आहे. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे गणित वेगळे. तीनशे अंश तापवला तरी तो केसाच्या जाडीइतकाही वाढत नाही. पण गंजाचा थर तेवढ्यानेही तडकतो, कारण लोखंड फुगते त्याच प्रमाणात गंज फुगत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. सांडशी, छन्नी, लहान घण. तेल सोडलेला भाग आधी कोरडा पुसून काढला, कारण रॉकेलजवळ लाल लोखंड नेणे म्हणजे नाव पेटवणेच. फळीभोवती ओली पोती गुंडाळली. शेगडीत कोळसा, फुंकायला नातवाने केस वाळवायचे मशीन आणले. अम्मी रिक्षाने आली आणि करंजाखाली खुर्चीवर बसली. तात्या तिच्याकडे बघून म्हणाले, "वैनी, लई वर्सानं." अम्मी म्हणाली, "तुम्ही तरी कुठं आलासा?" एवढेच बोलणे झाले.

सळई टेकवली. नटातून धूर निघाला. मेणबत्ती लावली तशी ती लोण्यासारखी आत गेली. पाना, आधी आवळायचा. कट्ट असा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. तात्या म्हणाले, "बोलला." पहिला नट सुटायला पाऊण तास लागला. दुसरा आणि तिसरा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. चौथ्याने ऐकले नाही. आटेच उरले नव्हते, आत एकजीव गोळा झाला होता. तो हॅकसॉच्या पात्याने अँगल आणि नट यांच्या फटीतून कापला. सगळे सोडवता येतेच असे नाही. पण एक कापावा लागला म्हणून चारही कापायचे नसतात. ग्राइंडर फिरला असता तर फळीची टोके जळाली असती आणि ती पुन्हा बसवता आली नसती.

फळी उचलली तेव्हा नाव कण्हल्यासारखी झाली. दोरांचा पीळ ताणला गेला. सुतळीने मोजले तर बाजू बोटभर बाहेर आली होती. बांधली नसती तर कुठे गेली असती कोण जाणे.

फळी उलटी केली. अँगल आणि लाकूड यांच्यामध्ये चामड्याचे तुकडे होते. कोल्हापुरी चपलेच्या तळाचे. लोखंडाने लाकूड घासू नये म्हणून अब्बांनी घातलेले. भोवतालचे लाकूड काळेभोर, बोट लावले तर बोटही काळे. हा गंजाचा रंग नव्हता, गंज तांबडा असतो. मी जरा विचार केला तेव्हा उलगडले. आपले चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. त्या तुरट रसाची लोखंडाशी गाठ पडली की काळी शाई होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांचीही शाई करत.  ती शाई वीस वर्षे या फळीखाली तयार होत होती. चामड्याने ओल धरून ठेवली आणि त्या ओलीनेच बोल्ट गंजवले. अब्बांनी जपण्यासाठी घातलेली वस्तू अडकण्याचे कारण झाली. यात दोष कुणाला द्यायचा? चामडे दर दोन वर्षांनी काढून बदलायचे असते, असे अम्मी म्हणाली. अब्बा असेपर्यंत ते बदलत होते. नंतर कुणी बदलले नाही.

फळी काढलेली, वाक उपसून टाकलेला, बुडाच्या दोन फळ्यांतली फट उघडी, अशी नाव असताना शुक्रवारी सकाळी हॉटेलवाले आले. गाडीतून उतरले, नावेभोवती एक फेरी मारली. "ही तर मोडलेली आहे," म्हणाले. तात्या काही बोलले नाहीत. आम्हाला अख्खी पाहिजे होती, असे म्हणून ते गेले. नातवाचे तोंड पडले.

त्या दुपारी जुम्म्याच्या नमाजाआधी मी सूरह कहफ वाचायला बसलो. अनेक घरांत ती दर शुक्रवारी वाचतात. तिच्यात मूसा आणि एक ज्ञानी माणूस यांच्या प्रवासाची गोष्ट आहे. परंपरेने त्या माणसाला आपण खिज्र म्हणतो. ते दोघे गरिबांच्या नावेत बसतात आणि खिज्र त्या नावेलाच भगदाड पाडतात. हदीसमध्ये त्यांनी एक फळी उपटली असे येते. मूसा चिडतात. कारण नंतर कळते. पुढे एक राजा होता, तो धड असलेली प्रत्येक नाव जबरदस्तीने घेत होता. खोट काढलेली नाव गरिबांकडेच राहिली.

हॉटेलवाला राजा नव्हता आणि जबरदस्तीही करत नव्हता, रोख पैसे देत होता. त्यामुळे ही तुलना मी ताणणार नाही. पण फळी काढायची घाई तात्यांना नेमकी त्याच आठवड्यात का झाली, हा प्रश्न माझ्या मनात आला. मी तो त्यांना विचारला नाही. काही प्रश्न न विचारल्याने जाणे-येणे टिकते.

नवा वाक सुताराने ऐनाचा घडवला. फटींत काथ्या ठोकून वर राळ आणि डांबर भरले. फळी तीच. काळे झालेले लाकूड पटाशीने तासले, मापात बसेना तेव्हा दोरांना आणखी पीळ देऊन बाजू बोटभर आत घेतल्या, मग बसली. बोल्ट या वेळी स्टीलचे, न गंजणारे, आणि चामड्याऐवजी रबराची चकती. कामाचे पैसे सुतारापुरतेच झाले. नातवाने पहिले दोन दिवस लांबून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याने पाना हातात घेतला आणि शेवटचा नट त्यानेच आवळला. आता तो सुट्टीच्या दिवशी जाळे टाकतो. महिन्याला किती सुटतात हे मी विचारलेले नाही. हॉटेलवाल्याच्या पैशांची भरपाई त्यात होणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

मिरगाच्या आधी चार दिवस नाव पाण्यात घातली. लाकूड वाळलेले असल्याने पहिल्या तासाभरात थोडे पाणी आत आलेच. तात्या म्हणाले, "पिऊ दे तिला." रात्रभर तशीच ठेवली. सकाळपर्यंत फळ्या फुगल्या आणि सांधे बुजले. पाण्याने लाकूड फुगते तेव्हा नाव वाचते, पाण्याने लोखंड फुगते तेव्हा अडकते. दोन्ही एकाच नावेत असतात आणि दोघांवर नजर ठेवावी लागते.

जुने चार बोल्ट मी मागून घेतले. शाळा सुरू झाल्यावर एका मडक्यात हिरड्याचे पाणी उकळून, त्यात लिंबू पिळून ते बुडवून ठेवले. आठ दिवसांत पाणी काळे झाले. मुलांनी बोरू तासले. उर्दूच्या तासाला उजवीकडून, मराठीच्या तासाला डावीकडून, त्याच शाईने प्रत्येकाने आपापल्या आजोबांचे नाव लिहिले. एका मुलीने विचारले, "सर, आज्जीचं लिहिलं तर चालंल?" मी म्हटले, आधी तिचेच लिही.